सही पडल्यावर लावलेला ब्रश

माझे अब्बा पाट्या रंगवायचे, मीही पाट्याच रंगवल्या. आमच्या धंद्यात एक नियम आहे. तो कुणी समोर बसवून शिकवत नाही, बघून कळतो. बोर्ड पूर्ण झाला की पेंटर खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव टाकतो. सही पडली की बोर्ड संपला. मग ब्रश धुवायचा. दुसऱ्याची सही असलेल्या बोर्डाला तर हात लावायचाच नाही, मग त्यात चूक का असेना. मी शिकत होतो तेव्हा दारव्ह्यात एका दवाखान्याच्या पाटीवरचा बाण उलट्या दिशेला निघाला होता. पेशंट रोज शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरायचे. डॉक्टर अब्बांकडे आले. अब्बांनी जाऊन पाटी पाहिली, कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि म्हणाले, "ज्याची सही हाये त्याले बोलवा." तो पेंटर आर्णीला राहायला गेला होता. तो येईपर्यंत तीन आठवडे पेशंट गिरणीतच जात राहिले.

हा नियम मी आयुष्यात एकदा मोडला. एका बाईंनी सही करून संपवलेल्या चित्रावर मी ब्रश लावला. चुकून नाही, समजून-उमजून. सहा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. उलट त्या कामासाठी शाली घेतल्या, नारळ घेतले, शाळांच्या गॅदरिंगला खुर्चीत जाऊन बसलो.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'नभयान पैनगंगा'च्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या लिहितो. पण हेही लिहितो आहे, आणि हे छापायचं नसेल तर गमतीही छापू नका असं त्यांना कळवलं आहे.

ज्यांनी 'पैनगंगा' वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ती चित्रकथा आहे, सात भागांची, प्रत्येक भाग चौसष्ट पानांचा. पुसदच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणाऱ्या नलिनी मॅडमनी ती लिहिली आणि काढली. एक ग्रह कोरडा पडतो. त्यावरची नऊशे माणसं 'पैनगंगा' नावाच्या यानात बसून दुसरी जागा शोधायला निघतात. यानाची कप्तान रेवा. तिची म्हातारी आई यानाच्या रेडिओवर बसते. मागे क्षारसम्राट लागलेला, त्याला ही नऊशे माणसं आपल्या मिठाच्या खाणीत हवी आहेत. रेवा सारखी छोटी होडी घेऊन यानाबाहेर जाते, कुठे लढते, कुठे वाट शोधते, आणि प्रत्येक भागाच्या शेवटच्या पानावर होडीतून रेडिओवर बोलते: "आई, ऐकून राह्यली काय?" आई म्हणते, "ऐकून राह्यली. जेवण झाकून ठेवलं हाये." आमच्याकडच्या पोरांना हे पाठ होतं.

यानातली माणसं वऱ्हाडी बोलायची आणि सम्राट एकदम शुद्ध पुस्तकी. झरी जामणीच्या एका आश्रमशाळेतून गुरुजींचं पत्र आलं होतं, की मुलं म्हणतात सम्राट आमच्या हेडमास्तरांसारखा बोलतो, तर हेडमास्तरांनी पुस्तक वाचनालयातून काढून घेतलं आहे, कृपया दुसरी प्रत माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावी. मॅडमनी ते पत्र वर्गात फळ्याशेजारी लावलं होतं.

माझं काम अक्षरांचं. चित्रकथेत माणसं जे बोलतात ते पांढऱ्या फुग्यात लिहिलेलं असतं. पुण्यामुंबईकडे हे काम कधीचंच कॉम्प्युटर करतो. मॅडमना ती अक्षरं चालत नसत. त्या म्हणायच्या, "कॉम्प्युटरमध्ये आई आणि सम्राट एकाच आवाजात बोलतात." एकदा पुसदहून येताना जीप पंक्चर झाली म्हणून त्या आमच्या स्टँडवर अडकल्या आणि समोरच्या रसवंतीची मी रंगवलेली पाटी त्यांनी पाहिली. थेट दुकानात आल्या. म्हणाल्या, "ती 'थंडगार' तुमची काय? वाचूनच दात शिवशिवले."

तेव्हा फ्लेक्स आला होता आणि माझ्याकडे नंबरप्लेटशिवाय काही उरलं नव्हतं. मी तिथेच हो म्हणालो.

पद्धत अशी. मॅडम जाड शीटवर चित्र काढायच्या, वॉटरप्रूफ काळ्या शाईनं पक्कं करायच्या, आणि फुग्यांच्या जागा पेन्सिलीनं सोडायच्या. सोबत एक शंभरपानी वही. त्यात पान, चौकट आणि कोण काय बोलतो. शीट दोन प्लायवुडच्या फळ्यांत बांधून शंकर राठोडच्या जीपनं पुसदहून दारव्ह्याला यायची. मी फुग्यात फिकट रेघा आखायचो, कट निबनं अक्षरं काढायचो, वाळल्यावर पेन्सिल खोडायचो. इंग्रजीला एका ओळीला जेवढी उंची लागते त्याच्या दीडपट आपल्याला लागते, कारण वर वेलांट्या आणि खाली उकार लोंबकळतात. म्हणून फुगा नेहमी लहान पडतो आणि मॅडमशी नेहमी भांडण व्हायचं.

"युनूसभाई, तुमच्या फुग्यानं माझा अख्खा ग्रह झाकला."

"मॅडम, आईचं बोलणं कमी करा. बुडी थांबूनच नाही राह्यली."

"ती माझी आईच होय. ती कोणाचं ऐकते?"

फुग्याला शेपटी असते, ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाते. माझी सर्वांत मोठी चूक या शेपटीची. तिसऱ्या भागात सम्राटाचा एक हुकूम होता, "यानाचे इंधन रिकामे करा." चौकटीत सम्राट पडद्यावर होता आणि पुढे यानातला स्वयंपाकी वांगी चिरत होता. त्या दिवशी रेहानाला, म्हणजे माझ्या बायकोला ताप होता, माझं लक्ष नव्हतं, आणि शेपटी गेली स्वयंपाक्याच्या तोंडाकडे. पुस्तक छापून आल्यावर कळलं. लाडका स्वयंपाकी शुद्ध भाषेत इंधन रिकामं करायला सांगतो आहे. मी पुसदला माफी मागायला गेलो. मॅडमनी पान बराच वेळ पाहिलं आणि हसायलाच लागल्या. "बाप्पा, हा तर फितूर निघाला. मले माहीतच नव्हतं." चौथा भाग पूर्ण त्या फितुरीवर उभा आहे. लोकांना वाटतं मॅडमनी काय डोकं लावलं. डोकं त्यांचंच होतं, शेपटी माझी होती.

हे मी गंमत म्हणून सांगितलं. पण पुढे मी स्वतःला हाच दाखला देत राहिलो. की मॅडम माझी चूक सांभाळून घेतात. चूक आणि लबाडी यातला फरक मला कळत नव्हता असं नाही.

सातवा भाग चालू असताना मॅडम आजारी होत्या. दर पंधरा दिवसांनी त्यांचे धाकटे भाऊ दिनकरभाऊ त्यांना गाडीत घालून नागपूरला न्यायचे. केस गेले होते, डोक्याला रुमाल बांधून त्या काढत बसायच्या. शीट उशिरा यायच्या, पण रेघ कुठे थरथरलेली नसायची. शेवटचा गठ्ठा शंकरनं आणून दिला तेव्हा तो नेहमीसारखा बोलला नाही. फळ्या ठेवून म्हणाला, "बाई लई बारीक झाल्या हायेत, पेंटर." आणि जीप चालू करून निघून गेला.

गठ्ठ्यात सगळी पानं होती. वहीत मात्र मजकूर छप्पनाव्या पानाशी संपला होता. सत्तावन्न ते चौसष्ट या आठ पानांवर फुग्यांच्या जागाच नव्हत्या.

मी फोन केला. मॅडम म्हणाल्या, "शेवटची आठ पानं तशीच जाऊ द्या, युनूसभाई. तिथं तुमाले काही काम नाही. आराम करा."

हे बोलणं त्यांच्या आणि माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

आता त्या आठ पानांत काय होतं ते सांगतो, कारण ते आजवर कुणी नीट पाहिलेलं नाही. अंतराळात एक दरवाजा आहे. पलीकडे पाण्याचा ग्रह. तो दरवाजा बाहेरून कुणीतरी धरून ठेवावा लागतो. रेवा आपली होडी दरवाजाला लावते आणि 'पैनगंगा'ला आत जायला सांगते, मी मागून येते म्हणते. हे छप्पनाव्या पानावर. पुढे शब्द नाहीत. यान दरवाजातून सरकतं. रेवा हातमोजे काढते. डब्यातली भाकर खाते, पूर्ण खाते, घाई न करता. यान लहान होत जातं. शेवटच्या पानावर एकच मोठी चौकट. वर काळं आभाळ आणि त्यात यानाचा एक ठिपका. खाली उजवीकडे रेवाचा हात, आणि त्या हाताचा अंगठा रेडिओच्या बटणावर. ती रेडिओ बंद करते आहे. कारण तो चालू राहिला तर आई हाक मारणार, आवाज ऐकून यान मागे फिरणार आणि नऊशे माणसं जाणार. हाताच्या खाली मॅडमची सही.

मी ते पान दुकानात दिवसाउजेडी, टेबलावर ठेवून पाहिलं. सगळं समजलं. रेवा कोण आहे तेही समजलं. आणि मी पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली उघडली.

सत्कारांत मी सांगायचो, की मॅडमना आजारपणात शेवटचा मजकूर लिहिता आला नाही, म्हणून मी आपला साधा माणूस, जमेल तसा लिहिला. लोक टाळ्या वाजवायचे. ते खोटं होतं. मॅडमनी चित्र अर्धवट सोडलेलं नव्हतं. मी शेवटच्या चौकटीत मोठा पांढरा फुगा काढला, आणि तो बरोबर खाली उजवीकडे काढला. वर सगळं आभाळ मोकळं होतं, तिथे काढता आला असता. पण खाली अंगठा होता. बटणावर अंगठा दिसला असता तर रेडिओवरून कुणाचा आवाज येणं शक्यच नव्हतं. म्हणून मी अंगठा झाकला, बटण झाकलं, आणि फुगा तेवढा मोठा करताना सहीसुद्धा झाकली. आधीच्या सात पानांवरही पांढरे फुगे काढून त्यांत आईच्या हाका लिहिल्या. "रेवा, ऐकून राह्यली काय?" आणि शेवटी रेवाचं उत्तर:

"येऊन राह्यली मी. दार उघडं ठेवा."

प्रेसला सांगितलं, मॅडमचा मजकूर उशिरा आला. झालं.

का केलं, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही सांगतो. एक असं, की मला ते पान सहन झालं नाही. ही बाई आपल्याच मरणाचं चित्र काढून मला म्हणते आहे की तुम्ही आराम करा. मी ते मानलं नाही. दुसरं कारण हलकं आहे. सात भाग मी दुसऱ्याचे शब्द लिहिले होते. समोर आठ पानं अक्षरांविना रिकामी पाहिल्यावर माझा हात शिवशिवला. अक्षरवाल्याला रिकामी जागा दिसली की ती आपलीच वाटते.

पुस्तक आलं आणि ती ओळ उडाली. पोरं खेळात म्हणायची, नवऱ्या पोरी गाडीत बसताना म्हणायच्या. सगळ्यात आधी ती जीपवाल्यांनी उचलली. शंकर म्हणाला, "पेंटर, माह्या गाडीच्या मागं हेच पाह्यजे. गाडीच बोलते ना हे." मी रंगवून दिली. मग दिग्रसच्या जीपवाल्यांनी, मग पुसदच्या. दारव्हा ते पुसद रस्त्यावर कुठल्याही जीपच्या मागे लागा, ती तुम्हाला सांगणार की मी येऊन राह्यली. त्यातल्या एकाही जीपवर मी सही केली नाही. गिऱ्हाईक विचारायचे, काहून हो? मी म्हणायचो जागा नाही.

मॅडमना प्रत द्यायला मी स्वतः गेलो. त्या पलंगावर उशीला टेकून होत्या. शेवटची पानं त्यांनी एकेक करून उलटली. चौसष्टाव्या पानावर थांबल्या. मी भिंतीकडे पाहत होतो.

मग म्हणाल्या, "अक्षर चांगलं पडलं."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमाले भेव वाटलं काय, युनूसभाई?"

मी म्हणालो, "मॅडम, प्रेसवाल्यानं शीट अजून परत नाही केल्या. आल्या की आणतो." शीट तेव्हा माझ्या घरी ट्रंकेत होत्या.

त्यांनी मान हलवली आणि दिनकरभाऊंना चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर पाच महिने त्या होत्या. मी चार वेळा गेलो असेन. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी हे लिहायला बसलो नसतो.

यंदा उन्हाळ्यात दिनकरभाऊंचा फोन आला. साती भाग एकत्र, एका जाड पुस्तकात निघणार. प्रकाशकाला मूळ शीट हव्या होत्या आणि पुस्तकाच्या मागच्या बाजूला ती ओळ हवी होती, मोठ्या अक्षरांत. सहा भागांच्या शीट त्यांच्याकडे होत्या, सातव्याच्या माझ्याकडे.

मी रेहानाला सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ती तूर निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "तो अब तक सबसे क्या बोलते थे?"

"बोलता था कि मॅडम का अधूरा काम पूरा किया."

"और उनके भाई को?"

"उनको भी."

"तो पहले पानी लगाओ उसको," ती म्हणाली. "बाद में मुँह दिखाओ."

धंद्याची एक गोष्ट इथे कामाला आली. वॉटरप्रूफ शाई पाण्याला हलत नाही. पोस्टरचा पांढरा हलतो. मी सकाळी दुकानाच्या दारात उन्हात बसलो, वाटीत पाणी, काडीला कापूस. पहिल्या दिवशी आईच्या हाका काढल्या. माझी अक्षरं पांढऱ्यावर बसलेली होती, ती पापुद्रे होऊन कापसावर आली. मी तीस वर्षं अक्षरं काढली, पुसण्याची ही पहिलीच वेळ. चौथ्या दिवशी चौसष्टावं पान घेतलं. आधी सही वर आली, मग बटण, मग अंगठा. अंगठ्याच्या नखावर मधोमध एक उभी रेघ होती. ही रेवाच्या हातावर आधीच्या कुठल्या भागात नव्हती. मला वाटलं, आजारपणात निब घसरली असेल.

दिनकरभाऊ प्रकाशकाला घेऊनच आले. प्रकाशक चांगला माणूस होता, माझ्या पाया पडायला वाकला, मी मागे सरलो. शीट टेबलावर मांडल्या. दोघांनी शेवटची आठ पानं पाहिली.

दिनकरभाऊ म्हणाले, "फुगे कुठी गेले?"

"काढले."

"कायले?"

"ते माझे होते. मॅडमचे नव्हते."

"आमाले माहीत हाये ना ते. ताईले जमलं नाही म्हणून तुम्ही लिहिलं. आम्ही कधी नाव ठेवलं काय तुमाले?"

"त्यांना जमलं नाही असं नव्हतं, दिनकरभाऊ. त्यांनी संपवलं होतं. मला फोनवर सांगितलं होतं, तशीच जाऊ द्या. मी तुमच्याशी खोटं बोललो. सगळ्यांशी बोललो."

प्रकाशक मधे पडला. म्हणाला, काका, जे झालं ते झालं. पण लोकांच्या मनात रेवा परत येते. तुम्ही लोकांची रेवा मारताय. आणि फुगे काय, जुन्या छापील प्रतीवरून आम्ही ते कॉम्प्युटरवर पुन्हा टाकू शकतो.

"टाका," मी म्हणालो. "पण मग पहिल्या पानावर छापा, की शेवट युनूस पेंटरनं केला आणि मूळ बाईंचं चित्र झाकून केला. ते नाही छापलं तर मी प्रत्येक स्टँडवर पाटी लावीन. पाट्या लावायचा माझा धंदाच आहे."

"लोकाईले थोच शेवट आवडते, पेंटर," दिनकरभाऊ चिडले होते. "आणि ताईनं संपवलं होतं याचा पुरावा काय? फोन तुम्हीच ऐकला."

मी चौसष्टावं पान त्यांच्याकडे सरकवलं. "ही सही. आमच्यात सही पडली की काम संपलं. आणि हे बटण. ती बंद करून राह्यली."

त्यांनी सही पाहिली. मग चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं आणि तसेच राहिले. प्रकाशकानं काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही.

"हा रेवाचा अंगठा नोहे," ते म्हणाले.

"मंग?"

"ताईचा होय. लहानपणी कडबा कटरमध्ये सापडला होता. नख वाढलं थे मधून फाटूनच वाढलं." पान त्यांनी हळूच खाली ठेवलं. "कटरचं चाक म्या फिरवून राह्यलो होतो."

बाहेर दिग्रसची जीप भरत होती, कंडक्टर ओरडत होता.

दिनकरभाऊ तिकडे पाहत म्हणाले, "ताई मले म्हणे, दिनू, आता नागपूर पुरे. घरीच राहू दे. म्या नाई ऐकलं. त्याच्यानंतर चार खेपा नेलं तिले. तुम्ही फुगा लावला, पेंटर, म्या गाडी काढली."

तो त्यांचा हिशेब होता, आणि माझा त्यानं हलका होणार नव्हता.

निघताना त्यांनी शीट फळ्यांत स्वतः बांधल्या. प्रकाशकाला म्हणाले, "आठ पानं हाये तशी जाऊ द्या."

तो म्हणाला, वाचक परत आणतील पुस्तक.

"आणू द्या नं," दिनकरभाऊ म्हणाले.

तर ते पुस्तक आता आलं आहे. त्यात शेवटच्या आठ पानांवर एक अक्षर नाही. छपाईची चूक समजून दुकानदाराशी भांडू नका, बदलून मिळणार नाही, दुसऱ्या प्रतीतही तेच आहे. ज्यांना रेवा परत यायला हवी होती त्यांची पत्रं मला येऊ लागली आहेत. एकानं लिहिलं आहे की तुम्ही म्हातारपणी आमचं बालपण खराब केलं. मी म्हातारा नाही, चोपन्नचा आहे, आणि बालपण खराब झालं असेल तर ते सहा वर्षांपूर्वी केलं, आत्ता नाही. ज्या शाळांनी शाली दिल्या त्यांना शाली परत पाठवल्या. दोन शाळांनी ठेवून घेतल्या, एकीनं पुन्हा माझ्याकडे पाठवली, तिची रेहानानं उशीची खोळ केली.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं होतं. ते इथे देतो. हो मॅडम, भेव वाटलं. तुम्हाला वाटलं नव्हतं, हे मला त्या अंगठ्यावरून तेव्हाच कळलं होतं, आणि तेच मला झाकायचं होतं.

मागच्या आठवड्यात शंकर नवी जीप घेऊन आला. मागचं दार दाखवून म्हणाला, "टाका आपली ओळ."

पुस्तक निघाल्यावर मी ती ओळ टाकणं बंद केलंय अशी बातमी स्टँडवर होती. दोघं-तिघं स्टिकर लावून मोकळे झाले होते.

"नवीन पुस्तक पाह्यलं ना?" मी विचारलं. "रेवा असं काही बोलत नाही."

"रेवा नाही बोलत तं नाही बोलत. माही गाडी तं बोलते. दिवसातून चार खेपा जाते अन् चारी खेपा वापस येते. तिनं काय म्हणावं मंग?"

मी विचार केला. ती ओळ वाईट नाही. वाईट होती ती जागा. जीपच्या मागे तिला कुणाचा अंगठा झाकावा लागत नाही.

मी पिवळा घेतला, लालची सावली दिली, आणि दुपारपर्यंत ओळ पूर्ण केली. शंकर पाहत उभा होता. मग मी बारीक ब्रश उचलला आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'युनूस पेंटर, दारव्हा' टाकलं.

"आज जागा निघाली काय?" शंकर म्हणाला.

"निघाली," मी म्हणालो, आणि ब्रश धुतला.